बसस्टँडमागचं चिकन सेंटर – शुगरवाल्या बोक्याच्या घरून रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार. एक स्टार काहून कापला ते खाली सांगते. आधी हे सांगते की आमच्या घरी चिकन कोणीच खात नाई. सासूबाईच्या गळ्यात माळ आहे, शेजारच्या घरी अंडं तळलं तरी इकडची खिडकी लागते. तरी मी एप्रिलपासून जवळपास रोज ह्या दुकानात उभी असते कारण आमच्या भुऱ्या बोक्याले शुगर निघाली.

हो, मांजराले शुगर होते. हसून घ्या, आम्हीपण हसलोच होतो.

भुऱ्या 9 वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन एकेकाळी 6 किलो 800 ग्रॅम, दिवसभर कापसाच्या गाठोड्यावर पडून राहायचा. उन्हाळा लागता लागता पाणी इतकं प्यायला लागला की बाथरूममधल्या बादलीत मुंडकं घालून बसायचा, आम्ही म्हटलं गरमी आहे बाप्पा, विदर्भाचं ऊन आहे. मग खाणंपण दुप्पट झालं अन् तरी पाठीचं हाड हाताले लागाले लागलं. पकडलं सासूबाईनं. तो ज्या राखेच्या टोपल्यात जातो तिथं मुंग्यांची रांग लागली होती, त्या म्हणे, "माह्या सासऱ्याच्या मोरीत अशाच मुंग्या लागत होत्या. याले शुगर आहे पाय." तोवर तो मागच्या पायानं टाच पूर्ण टेकवून चालायला लागला होता, म्हातारा माणूस सपाता घासत चालते ना, तसा. शुगर जास्त दिवस वाढलेली राहिली की मांजराच्या पायाच्या नसा अशा जातात हे मले नंतर समजलं.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ बोलले, मी बैल-म्हशीचा माणूस आहे वैनी, याले नागपूरले न्या. मग हिंगणघाटहून एसटी, जाम, बुटीबोरी, नागपूर, बोका भाजीच्या क्रेटमध्ये वरून ओढणी बांधलेला, सगळ्या बसले ऐकू जाईल असा ओरडत. तिथल्या मॅडमनं तपासलं तं 412. मांजराची नॉर्मल साधारण 80 ते 120 च्या आसपास असते म्हणे. पण नुसत्या भीतीनंही मांजराची शुगर 300 च्या वर जाऊ शकते, त्यात हा एसटीतून आलेला, म्हणून त्यांनी लघवीतली साखर पाहिली अन् फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट केली. आईची, म्हणजे सासूबाईची, तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट असते तशीच, फक्त ही दोन-तीन आठवड्यांचं सांगते. ती पण वाढलेली निघाली, मग पक्कं झालं.

आता चिकन सेंटर कुठून आलं यात? तं मॅडमनं विचारलं, खायले काय देता. मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, ऑनलाइन मागवलेलं ड्राय फूड, महागातलं, पाकिटावर तगडा बोका छापलेला, वाटी दिवसभर भरलेली, वरून दूध-पोळी, अन् सकाळी बाबांच्या चहासोबतचं बिस्किट. मॅडम काही बोलल्या नाई, नुसत्या लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे, त्याच्या शरीराले पिठूळ खाण्याची गरजच नाई. ते दाणेदार खाणं दाण्याच्या आकारात टिकायचं तं त्यात स्टार्च टाकावाच लागते, म्हणून पाकीट कितीबी महाग असो त्यात कार्ब जास्त निघते. ओलं डब्बेवालं खाणं बरं, त्यातही रस्सेदार नाई, पेस्टवालं, कारण रश्श्याले घट्टपणा आणायले पुन्हा पिठूळच टाकतात. आमच्या गावात ओलं डब्बेवालं कुठं भेटणार, कुरिअर तालुक्यालेच अडकते. मग ठरलं असं की अर्धं ऑनलाइन पाऊच अन् अर्धं घरी उकडलेलं बोनलेस, त्यात मॅडमनं दिलेली पावडर, कारण नुसत्या चिकनवर मांजर जगत नाई, कॅल्शियम कमी पडते अन् टॉरिन नावाचं मांसातलं तत्त्व मांजराले लागतेच. टॉरिन उकडताना पाण्यात उतरते म्हणून ते पाणी फेकायचं नाई, थंड करून त्यातच वाढायचं.

तं हे दुकान. बसस्टँडच्या मागं, टायरवाल्याच्या बाजूले, पत्र्याचं शेड, बाहेर जाळीत कोंबड्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, दीडशे ग्रॅम बोनलेस द्या. भाऊनं मान वर केली. दीडशे? मी म्हटलं, हो दीडशे, रोज. म्हणे कोणासाठी वैनी? मी म्हटलं, बोक्याले शुगर आहे. दुकानात चार माणसं उभी होती, सगळे हसले. भाऊ म्हणे, "आमच्या आबालेपण शुगर आहे, तेपण बोक्यासारखेच आहेत, चोरून जिलेबी खातात." मग काट्यावर ठेवलं, 152 आलं, दोन ग्रॅमचा तुकडा कापून बाजूले केला अन् मले 150 पुड्यात बांधून दिलं. त्या दिवसापासून मी याच दुकानाची गिऱ्हाईक.

याचं सगळ्यात मोठं चांगलं म्हणजे वेळ. इन्सुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, आमच्याकडे सकाळी 7 अन् संध्याकाळी 7. आधी खाणं, मग सुई, कारण तो खाल्लाच नाई अन् सुई दिली तं शुगर पार खाली जाते. मग ताजं चिकन मले साडेसहाले पाहिजे. गावात बाकी दोन दुकानं नऊ वाजता शटर वर करतात. हे भाऊ मात्र सहा-सव्वासहाले झाडू मारून तयार, पाटा धुतलेला, सुरी वेगळी, कातडं काढून, चरबी काढून, बारीक तुकडे करून. एक दिवस मले उशीर झाला तं पोट्ट्याच्या हातानं घरी पाठवलं. डिलिव्हरी चार्ज विचारला तं म्हणे बोक्याची तब्येत सांगा बस. बोनलेस 300 रुपये किलोनं धरलं तं माह्या रोजच्या पुडीचे 45 रुपये होतात, त्या महागड्या पाकिटापेक्षा महिन्याले जास्तच जाते, खोटं काहून बोलू.

घरी ते शिजवायचं कुठं हा वेगळाच तमाशा. चुलीवर, मागच्या अंगणात, जांभळाच्या झाडाखाली, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, ना मीठ ना हळद ना तेल. सासूबाई पहिले पंधरा दिवस तिकडं फिरकल्या नाई. अन् आता त्याच बोक्याले मांडीवर धरतात, मी कानाच्या कडेले कोमट फडकं लावते, सुई टोचते, बारीकसा थेंब येतो अन् त्यांच्याच मीटरच्या पट्टीवर घेतो. मीटर माणसाचं आहे, मांजराच्या रक्ताचं थोडं कमी दाखवते, हे मॅडमले माहीत आहे, त्या आकडा नाई तं चढ-उतार पाहतात. कॅलेंडरवर दोघांचं लिहिलेलं असते, आई 168, भुऱ्या 231. कोणाचा आकडा बरा आला त्यावर त्या दिवशी घरात टोमणे चालतात.

आता एक चूक सांगते, दुकानाची नाई, माही. इन्सुलिन सुरू होतं 2 युनिट, ते जुनं ड्राय फूड धरून. मले वाटलं चिकन चांगलं आहे तं लवकर चालू करून टाकू, मॅडमले फोन न करता एकदम ड्राय फूड बंद केलं अन् सगळं चिकन-पाऊच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवाच्या सुमारास भुऱ्या दारूड्यासारखा चालाले लागला, एका बाजूले लवंडला, डोळे मोठे झालेले, हाक मारली तं पाहीना. मीटर लावलं, 48. हातपाय गार पडले माहे. मॅडमनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मध होता, बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळला, तोंडात ओतायचा नाई, श्वासनळीत जाते. पंधरा मिनिटांनी उठून बसला अन् म्याऊ केलं. मग वाटीभर चिकन खाल्लं. फोन लावला तं मॅडमनं चांगलं झापलं, खाण्यातलं पीठ गेलं की शुगर खाली येते, मग इन्सुलिनपण आधी कमी करावं लागते, ते विचारून करायचं असते. 2 चं 1 झालं तेव्हापासून. म्हणून तुमच्याकडं शुगरवालं मांजर असंन तं ह्या दुकानात जायच्या आधी डॉक्टरले फोन लावा.

अजून एक, सिरिंजचं. आईचं इन्सुलिन 40 वालं आहे, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, त्याची लाल टोपणाची सिरिंज. भुऱ्याचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन 100 वालं, त्याले केशरी टोपणाची लागते. एका मेडिकलवाल्यानं मले बिनधास्त लाल टोपणाची दिली, म्हणे सारखंच आहे. सारखं नाई! त्या सिरिंजनं 1 युनिट ओढलं की आत अडीच युनिट जाते. मी घरी आल्यावर पाहिलं म्हणून वाचलो. आता केशरी टोपणाची, त्यातही अर्ध्या युनिटची रेघ असलेली छोटी, नागपूरहूनच एकदम दोन डब्बे आणते. अन् मे महिन्यात लाइन गेली की बाटली फ्रिजमधून काढून प्लास्टिकच्या डब्बीत, डब्बी ओल्या माठात, 46 डिग्रीत दुसरा काय उपाय.

आता तो कापलेला एक स्टार. पहिलं, बंद. श्रावणात भाऊ कधी उघडतात कधी नाई, 2 ऑक्टोबरले पूर्ण बंद, आधी सांगत नाईत, शटर पाहून समजते. त्या दिवशी उकडलेल्या अंड्यावर भागवलं, अंड्यात कार्ब नाईच्या बरोबर असते म्हणून चालते, पण मनाची तयारी पाहिजे ना. आता मी दोन दिवसांच्या पुड्या स्टीलच्या डब्ब्यात फ्रिजरमध्ये ठेवते.

दुसरं, जास्त गंभीर. पोळ्याच्या करीच्या दिवशी दुकानात इतकी गर्दी की भाऊ मटनाच्या ऑर्डरीत गुंतलेले अन् पुडी पोट्ट्यानं बांधली. घरी उघडलं तं तुकडे पिवळे. त्यानं बाजूच्या मसाला लावलेल्या ट्रेमधले उचलले होते, आलं-लसूण-हळद सगळं लागलेलं. लसूण, कांदा मांजराले विष आहे, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. नशिबानं भुऱ्यानं वास घेऊन पाय झटकला अन् निघून गेला, मी नाई पाहिलं असतं तं? दुसऱ्या दिवशी जाऊन भांडली. भाऊनं पोट्ट्याले माह्यासमोरच बोलले अन् माह्या पुडीसाठी वेगळी निळी पन्नी ठेवली, त्यावर खडूनं "बोका" लिहिलेलं असते. मान्य केलं म्हणून एकच स्टार कापला.

कलेजी फुकट टाकून देतात बरं का, पण मी आठवड्यातून एकदा सुपारीएवढी घेते, रोज कलेजी दिली तं व्हिटॅमिन ए जास्त होते म्हणे. कोंबडीचं दिल मात्र मागून घेते, त्यात टॉरिन चांगलं असते. हाडं कधीच नाई, शिजलेलं हाड मोडून घशात टोचते.

सध्या भुऱ्या 5 किलो 700 आहे, इन्सुलिन अर्ध्या युनिटवर आलं. मॅडम म्हणतात काही मांजरांचं पुढे बंदही होते, पण खाणं हेच ठेवावं लागते, नाई तं परत येते. टाच अजून पूर्ण उचलली नाई, पण परवा पहिल्यांदा कापसाच्या गाठोड्यावर स्वतः चढला, अर्ध्यात घसरला, परत चढला.

दुकानात जायचं असंन तं सकाळी सातच्या आत जा, भाऊ स्वतः काट्यावर असतात. रविवारी अन् सणासुदीले पोट्ट्याकडून पुडी घेऊ नका, घेतली तं तिथंच उघडून पाहा. अन् सुट्टे पैसे न्या, पाचशेची नोट दिली की भाऊचं तोंड वाकडं होते.