जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र : वर्षभराच्या अनुभवावरून एक परीक्षण

आमची मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली, पण जन्मल्यावर लगेच रडली नाही. तिसऱ्या महिन्यातील गृहभेटीत आशाताईंना तिच्या मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठे आत दुमडलेले दिसले, मान धरण्याचीही काही चिन्हे नव्हती. तिचे वडीलही उशिराच चालायला लागले, असे सांगून घरातील थोरांनी आम्हाला धीर दिला होता. आशाताईंनी मात्र माता व बाल संरक्षण कार्डावरील विकासाचे टप्पे उघडून दाखवले आणि थांबू नका, असे बजावले. तेव्हापासून आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जात आहोत. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

बाळाच्या वाढीतील अडचणी लहानपणीच ओळखून उपचार सुरू करणारी ही केंद्रे आरोग्य खात्याच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधून त्यांवर मोफत उपचार करणे, हे त्याचे काम आहे. फिरत्या पथकातील डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात व गरज असलेल्या मुलांना केंद्राकडे पाठवतात.

केंद्राचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे बालरोगतज्ज्ञ, श्रवणतपासणी, दृष्टितपासणी, मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपी एकाच छताखाली मिळते. खासगीत यांतील प्रत्येकासाठी वेगळे दार ठोठवावे लागले असते आणि प्रत्येक दारी वेगळे पैसे मोजावे लागले असते. येथे आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही. फिजिओथेरपिस्टताईंबद्दल तर जितके सांगावे तितके थोडे. मुलीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, हे पाहून त्यांनी तिला दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना येतील असे कडेवर कसे घ्यायचे, ते माझ्याकडून पाचसहा वेळा करून घेतले. आजी पाय पसरून तिला न्हाऊ घालते, हे कळल्यावर त्यांनी आजींनाही बोलावून घेतले आणि त्याच बैठकीत बाळाची मान व खांदे कसे सावरायचे, हे शिकवले. घरात रोज घडणाऱ्या गोष्टींतच त्यांनी उपचार बसवून दिला. वर्षभरात आम्हाला मिळालेली सर्वांत मोलाची मदत तीच होती.

अडचण अशी की थेरपीच्या त्या पहिल्या अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला आम्हाला ११ आठवडे लागले. आधी कागद, मग तपासणीची तारीख, मग थेरपीची वेगळी तारीख. केंद्र आमच्या गावापासून ६८ किलोमीटर दूर आहे. दोन एसटी बदलाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला घरातील एकाची मजुरी बुडते. थेरपी दर आठवड्याला हवी असे सांगितले जाते, प्रत्यक्षात आमचे जाणे महिन्यातून एकदाच होते.

याला तेथील कर्मचाऱ्यांचा आळस कारणीभूत आहे, असे मला मुळीच वाटत नाही. दोष रचनेत आहे. मूल शोधायचे आणि मोठ्या ठिकाणी पाठवायचे, या साच्यावर ही व्यवस्था उभी आहे. हृदयाला छिद्र असेल किंवा ओठ दुभंगलेला असेल, तर हा साचा योग्यच आहे, कारण शस्त्रक्रियेसाठी कितीही लांबचा प्रवास एकदोनदा करता येतो. मात्र ज्या बाळाला वर्षानुवर्षे दर आठवड्याला हात लागायला हवा, त्याला तोच साचा कसा पुरेल? सहा महिन्यांनी येणारे पथकही शाळकरी मुलाला चालेल, तान्ह्या बाळाच्या बाबतीत सहा महिने म्हणजे मान धरण्यापासून बसण्यापर्यंतचा सगळा काळ. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा तर विचारच वेगळा करावा लागेल, कारण पथक गावात येते तेव्हा ती कुटुंबे कारखान्याच्या परिसरात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असू शकतात.

म्हणून राज्यभराच्या रचनेची फेरमांडणी करायची असेल, तर ती थेरपीपासून सुरू व्हावी. जिल्हा केंद्राने निदान करावे, पण थेरपिस्टने ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात येऊन बसावे आणि आशाताई व अंगणवाडीताईंच्या देखत पालकांना शिकवावे, म्हणजे मधल्या आठवड्यांत विचारायला गावातच कोणीतरी असेल. प्रत्येक कुटुंबाला एकच जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालील बालकांसाठी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत असा समन्वयक असतो. तेथे बाळाची नोंद आल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि कुटुंबासाठी आखलेल्या आराखड्याची पहिली बैठक व्हावी लागते, आणि सेवा शक्यतो बाळ राहते तेथेच दिली जाते. आपल्याकडे पैसा आणि माणसे कमी आहेत, हे मान्य आहे, तरीही मुदत ठरवायला पैसा लागत नाही. किती मुले तपासली, या आकड्याबरोबर पहिल्या शंकेपासून पहिल्या थेरपीपर्यंत किती दिवस गेले, हा आकडाही प्रत्येक जिल्ह्याने दरमहा जाहीर करावा. आमच्या बाबतीत तो ७७ आहे.

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने जून २०२१ मध्ये देशात १४ स्वतंत्र शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली. त्यांतील एक मुंबईत आहे. आरोग्य खाते आणि हा विभाग, या दोघांच्या नोंदी एकत्र जोडल्या गेल्या, तर पालकांना तोच इतिहास पुन्हा सांगावा लागणार नाही.

बाळाबद्दल शंका असलेल्या पालकांनी या केंद्रात जरूर जावे, आणि पहिल्याच भेटीत थेरपीची तारीख लिहून घ्यावी. शक्य असेल तर घरात बाळाला सर्वाधिक वेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. आमची मुलगी आता दीड वर्षाची आहे. हातांचा आधार घेऊन ती बसते आणि उजवी मूठ उघडून वाटी पकडते. आम्हाला पुढची तारीख २६ दिवसांनंतरची मिळाली आहे.