सस्पेन्शन टीमचा अनुभव : दोन भेटी, अकरा मिनिटं

सस्पेन्शन म्हणजे त्वचेत हूक घालून दोराने स्वतःला टांगून घेणं. त्यासाठी या टीमकडे मी दोनदा गेले. पहिल्या वेळी पाठीत सहा हूक घालून घेतले, दोर ताणला, टाचा उचलल्या गेल्या आणि तिथेच थांबले. चवडे जमिनीवरच राहिले. दुसऱ्या वेळी अकरा मिनिटं हवेत होते. कुणीही मला विचारतं ते त्या अकरा मिनिटांबद्दल. पण यांना मी पाचपैकी पाच देतेय ते पहिल्या भेटीसाठी.

माझी नजर कुठे जाते हे कळावं म्हणून सांगते, मी सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. इतकी वर्षं टेबलाशेजारी उभी राहून आडव्या पडलेल्या माणसाला ‘काही नाही, आत्ता होईल’ असं सांगत आले. भूल न घेता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवलं तर काय होतं, हे मला त्या बाजूने बघायचं होतं. सस्पेन्शनकडे कोणी श्रद्धेने येतं, कोणी कलेसाठी, कोणी मोठ्या दुखण्यातून उठल्यावर शरीर पुन्हा आपलंसं करायला येतं. माझं कारण हे होतं.

आधी एका दुसऱ्या टीमचा कार्यक्रम नुसता बघायला गेले होते. तिथे दोराला लटकलेला मुलगा ‘खाली, खाली’ म्हणत होता आणि भोवतालचे लोक ‘अजून थोडं’ म्हणून टाळ्या वाजवत होते. त्याला खाली घ्यायला अर्धा मिनिटच उशीर झाला असेल. मी त्या क्षणी तिथून निघाले. त्यानंतर वर्षभर हा विषय डोक्यातून काढून टाकला होता.

या टीमने आधी नुसतं बोलायला बोलावलं, तेही तारखेच्या तीन आठवडे आधी. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कधी चक्कर येऊन पडलीस का, फिट येते का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, जखमेवर वण फुगतो का. आमच्याकडे ऑपरेशनआधी विचारतात त्याहून एकही प्रश्न कमी नव्हता. शेवटी पिअर्सरने, म्हणजे त्वचेत हूक घालणाऱ्याने, विचारलं, “आत्ताच का?” पैजेखातर आलेल्याला किंवा नुकत्याच झालेल्या भांडणातून, ब्रेकअपमधून आलेल्याला ते थांबायला सांगतात. मी माझं कारण सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, त्यावर काही बोलला नाही.

मग मी विचारलं, दुखेल का?

“हो. हूक घालताना दुखेल, पण ते क्षणभर. खरं दुखणं दोर ताणायला लागला की सुरू होतं आणि पाय सुटायच्या आधीचं ते सगळ्यात वाईट. पाय सुटल्यावर बऱ्याच जणांना हलकं वाटतं. सगळ्यांना नाही.”

सतरा वर्षांत मी कुठल्याही पेशंटला इतकं सरळ उत्तर दिलेलं नाही. घरी जाताना रस्ताभर तेच मनात होतं.

प्रकार कोणता हेही तेव्हाच ठरलं. पालथं, आडवं लटकतात तो ‘सुपरमॅन’. त्यात पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत दहा-बारा हूक लागतात. उताणं लटकतात तो ‘कोमा’. गुडघ्यांवर उलटं लटकणारेही आहेत. माझ्यासाठी ठरला तो सगळ्यात जास्त केला जाणारा, खांद्यांच्या फऱ्यांवर हूक घालून उभं लटकण्याचा. जगभर त्याला ‘सुइसाइड’ म्हणतात. हे नाव मला सहन होत नाही. तशी माणसं मी टेबलावर पाहिली आहेत. या टीमच्या फॉर्मवर नुसतं ‘उभी पाठ’ असं लिहिलेलं होतं. छातीवर हूक घालून लटकतात त्या प्रकारालाही ते ‘ओकीपा’ म्हणत नाहीत, ‘छाती’ म्हणतात. ओकीपा हा उत्तर अमेरिकेतल्या मंडन लोकांचा चार दिवसांचा विधी. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३२ मध्ये तो पाहिला, त्याची चित्रं काढली. पाच वर्षांनी देवीची साथ आली आणि मंडन जवळजवळ संपले. फकीर मुसाफर नाव घेतलेल्या अमेरिकन माणसाने विसाव्या शतकात अशा विधींवरून स्वतःवर प्रयोग केले, आणि आजच्या सस्पेन्शनचं बरंचसं मूळ त्याच्याकडे जातं हे खरं आहे. तरीही एका समाजाच्या प्रार्थनेचं नाव आपल्या सुट्टीच्या दुपारीला लावू नये असं मला वाटतं. या टीमला ते न सांगता कळलं होतं, म्हणून मला ही माणसं आवडली.

आता स्वच्छता. इथे मी कुणालाच सवलत देत नाही. प्रत्येकाचे हूक वेगवेगळ्या पाकिटात, माझ्यासमोर फोडलेले. निर्जंतुक करताना पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो, तो बदललेला आहे का, हे त्यांनी मलाच बघायला सांगितलं. पूर्वी लोक मोठ्या माशांचे गळ घेऊन त्यांचे काटे कानशीने घासून वापरत. आताचे हूक याच कामासाठी बनवलेले, ३१६ एल स्टीलचे, गुळगुळीत, चारेक मिलिमीटर जाडीचे. हातमोजे मी मुद्दाम मोजत होते : माझ्या एका पाठीसाठी पिअर्सरने चार जोड्या बदलल्या. त्याने एकदा चष्मा सारखा केला आणि लगेच मोजे काढून टाकले. आमच्या थिएटरमधल्या काही जणांना हे दाखवायला हवं.

चूक एकच सापडली. त्वचेवर खुणा करायचं पेन त्यांनी माझ्या आधीच्या मुलासाठी वापरलं होतं आणि तेच माझ्यासाठी उचललं. मी सांगितलं. पिअर्सर क्षणभर थांबला, पेन कचऱ्यात टाकलं, नवीन काढलं आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजपासून माणशी एक पेन.” दुसऱ्या भेटीत पेनांचं खोकंच टेबलावर होतं. चूक दाखवल्यावर समोरचा कसा वागतो हे मी नोकरीत रोज बघते. असं वागणं क्वचित दिसतं.

खुणा करताना मला सरळ उभं केलं, मग वाकवलं, पुन्हा उभं केलं. वजनाखाली त्वचा सरकते, तेव्हा खुणा डावी-उजवीकडे सारख्या हव्यात. माझं वजन अठ्ठावन्न किलो, सहा हूक. म्हणजे एकेका हुकावर दहा किलोच्या आत. हूक कमी तेवढी ओढ जास्त, असा साधा हिशेब. मला वाटायचं की हूक स्नायूत जातात. तसं नाही. स्नायूवरून त्वचा चिमटीत वर उचलतात आणि तेवढ्याच चिमटीतून सुई जाते, तिच्यामागोमाग हूक. डावीकडे एक जण, उजवीकडे दुसरी, दोघं एकाच वेळी. “श्वास घे... सोड.” सोडताना हूक आत गेलेला असतो.

रिगर, म्हणजे दोर सांभाळणारी, ही पन्नाशीची बाई. छताच्या तुळईपासून माझ्या पाठीपर्यंत तिने प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला, मग मलाही ओढायला लावला. प्रत्येक हुकाला स्वतंत्र दोरी. एक सुटलीच तर बाकीच्यांनी धरून ठेवायला हवं. तिचा हात सुटला तरी मुख्य दोर जागच्या जागी अडकेल अशी पकड पुलीखाली, आणि कमरेला कात्री. दोऱ्या समान करताना ती मला स्टेलार्कबद्दल सांगत होती. या ऑस्ट्रेलियन कलाकाराने १९७६ ते १९८८ या काळात असं पंचवीस वेळा लटकून घेतलं, एकदा कोपनहेगनमध्ये क्रेनला, शहराच्या वर. तिला त्यातलं १९८०चं टोकियोतलं काम प्रिय. तो मधोमध बसल्यासारखा लटकलेला आणि भोवती गोलात टांगलेले दगड त्याचं वजन तोलतायत. “सगळे त्याच्याकडे बघतात,” ती म्हणाली, “मी दगडांकडे बघते.”

पहिली भेट. दोर ताणला गेला आणि पाठीची त्वचा तंबूसारखी वर आली. जळजळ नव्हे, फाटण्याची भीतीही नव्हे. कुणीतरी मागून मला माझ्यातूनच उचलतंय असं काहीतरी. टाचा उठल्या. मी चवड्यांवर पुढे-मागे होत राहिले. हात धरायला एक काका होते. ते स्वतः कधीच लटकलेले नाहीत, पण कित्येक वर्षांपासून दर वेळी येतात आणि फक्त हात धरतात. पंचवीस मिनिटं झाली. खोलीत पंधरा माणसं होती आणि कुणी एक शब्द बोललं नाही. मग मी म्हणाले, “बास.”

पुढचा श्वास घ्यायच्या आत दोर सैल झाला. ‘नक्की ना?’ असं कुणी विचारलं नाही, ‘इतकं जवळ आली होतीस’ असंही नाही. रिगर म्हणाली, “ठीक,” आणि पाठीशी येऊन उभी राहिली. हूक काढले, पाठ पुसली, अंगावर चादर टाकली. वहीत माझ्या नावापुढे काय लिहिलं ते मी पाहिलं : ‘उभी पाठ, सहा हूक, पंचवीस मिनिटं, स्वतः थांबली.’ बाकीच्यांच्या नोंदी होत्या तशीच ही एक नोंद. मी तिथे बसून खूप रडले आणि काका शेजारी बसून राहिले.

पाच महिन्यांनी पुन्हा गेले. त्यांनी स्वतःहून एकदाही ‘कधी येतेस’ विचारलं नव्हतं.

या वेळी चवड्यांवर आले आणि लक्षात आलं की मी पाय जमिनीला दाबून धरतेय. रिगरला म्हणाले, मी गुडघे वाकवते, तू दोर जिथे आहे तिथे ठेव. तिने मान हलवली. गुडघे वाकवले. दोन-तीन सेकंद सगळी पाठ ओरडली आणि मग ओढ सहा ठिकाणांहून एकदम सारखी झाली. पायाखाली काही नव्हतं. मी हळूहळू गोल फिरत होते, खिडकी यायची, काका यायचे, भिंत यायची, पुन्हा खिडकी. दुखत होतं, पण ते दुखणं आता माझ्या बाहेर, वर कुठेतरी दोरात गेल्यासारखं झालं होतं. अॅड्रेनलिन, एंडॉर्फिन ही सगळी उत्तरं मला पाठ आहेत आणि ती बरोबरही आहेत. त्या अकरा मिनिटांत मी कुणाचीही काळजी घेत नव्हते. असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवत नाही.

खाली आल्यावर दातांवर दात आपटत होते. पाय वर ठेवून झोपवलं, तोंडात साखर. मग ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते काम : त्वचा वर ओढली जाते तेव्हा खाली हवा शिरते. हूक काढले की ती हवा छिद्रांकडे ढकलत बाहेर काढावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदा हलवताना त्वचेखाली करकर वाजतं. तीन जणांचे सहा हात माझ्या पाठीवर होते, रक्त टिपत, हवा दाबत, जवळजवळ वीस मिनिटं. त्यातली एक मुलगी तासाभरापूर्वी स्वतः खाली आली होती, तिच्याच पाठीवर ताज्या पट्ट्या होत्या. पेशंटची पाठ मी हजारदा पुसली आहे. माझी कुणी अशी पुसली नव्हती.

तक्रारी आहेत. वेळ पाळत नाहीत, माझा नंबर तीन तास उशिरा लागला आणि भरल्या पोटी या असं सांगितलेलं असताना तोवर माझं पोट रिकामं झालं होतं. अशात चक्कर यायची शक्यता वाढते, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. दुसरं, पहिल्या भेटीत एका पाहुण्याने मोबाइल काढून फोटो घेतला. सांगितल्यावर पुसायला लावला, पण मोबाइल दाराशीच जमा करून घ्यायला हवेत. माझ्या नोकरीच्या ठिकाणी तो फोटो गेला असता तर मला फार महागात पडलं असतं. आणि तिसरं, जखमा कशा धुवायच्या याचा कागद उत्तम आहे, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन खाली जातं, विनाकारण रडू येतं, याबद्दल त्यात एक ओळ नाही. चौथ्या रात्री मी घाबरून मेसेज केला तेव्हा उत्तर सकाळी आलं. उत्तर मात्र लांबलचक आणि मायेचं होतं, काकांनी लिहिलेलं.

छिद्रं दहा दिवसांत भरली. उजव्या फऱ्यावर सहाव्या हुकाचा ठिपका अजून गुलाबी आहे.

पुढची तारीख आली आहे. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून या वेळी हात धरायला मी येऊ का, असं विचारलं. रिगरचं उत्तर आलं : “ये. पण सकाळी आठला. आधी सगळे मिळून जमीन पुसतो.”