पायलोप्लास्टी : उघडी, दुर्बिणीची की रोबोटची?

मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यावरचा अरुंद भाग कापून काढायचा आणि दोन्ही टोके पुन्हा जोडायची, ही पायलोप्लास्टीची अँडरसन-हाइन्स पद्धत १९४९ पासून रूढ आहे. त्यामुळे प्रश्न उरतो तो तिथवर पोहोचायचे कसे, एवढाच. बरगडीखाली छेद घेऊन केलेली उघडी शस्त्रक्रिया निकालात आजही उणी नाही, परंतु कुशीतले स्नायू कापले जात असल्याने बरे व्हायला वेळ लागतो.

मी आधी याहून सोपा भासणारा मार्ग पत्करला होता : दुर्बीण आत घालून अरुंद जागेला आतूनच छेद देण्याचा. वर्षभरात अडथळा परतला. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये सांध्याला आडवी जाणारी एक रक्तवाहिनी दिसली. तिचा दाब बाहेरून होता, तो आतल्या छेदाने हटणार कसा?

त्या काळात मला खरे बेजार केले ते स्टेंटने, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेल्या बारीक नळीने. लघवी करू लागलो की मूत्राशयातला दाब त्या नळीवाटे वर चढे आणि कुशीत कळ येई. जिना चढून आल्यावर लघवी गुलाबी दिसे. वेदनेपेक्षाही, अडथळा परतला म्हणजे पुन्हा तीच नळी, हा विचार असह्य होता. म्हणून दुसऱ्या खेपेस टाके नीट बसण्याला मी सर्वांत जास्त महत्त्व दिले.

नेहमीच्या लॅपरोस्कोपीत (पोटावरच्या लहान छिद्रांतून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) ताठ उपकरणांनी बारीक टाके घालणे कष्टाचे असते. रोबोटच्या उपकरणांची टोके मनगटासारखी वळतात आणि कन्सोलवर बसलेल्या सर्जनला त्रिमितीय चित्र दिसते (रोबोट स्वतःहून काहीही करत नाही, हे नातेवाइकांना वारंवार सांगावे लागले). मात्र खर्च अधिक येतो, आणि बहुतेक यंत्रांत धाग्याचा ताण हाताला जाणवत नसल्याने तो नजरेनेच जोखावा लागतो. अनुभवी हातांत दोन्हींचे निकाल जवळपास सारखे असतात. तेव्हा आपल्या सर्जनचा हात लॅपरोस्कोपीवर बसलेला असेल, तर केवळ यंत्रासाठी डॉक्टर बदलावा असे मी म्हणणार नाही. दोन्हींत हात सारखाच बसलेला असेल, तर मात्र मी रोबोटच निवडेन.

स्टेंट रोबोटनेही चुकला नाही. तो चार आठवड्यांनी काढला, पुढच्या रेनोग्राममध्ये (मूत्रपिंडाचे काम आणि निचरा दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) निचरा मोकळा दिसला, आणि दुसरा घालण्याची वेळ अजून आलेली नाही.