वरंधा घाटातली वाघजाईजवळची भजी: महाडला जाताय तर थांबाच

माझा कॉलेजचा मित्र नोकरीनिमित्त महाडजवळ बिरवाडीला राहतो, बरेच दिवस ये ये म्हणत होता, शेवटी ऑक्टोबरात सकाळी पुण्यातून निघालो आणि ताम्हिणीने न जाता भोरवरून वरंधा पकडला. हा रिव्ह्यू खरं तर वाघजाई मंदिराजवळच्या एका भज्यांच्या टपरीचा आहे, पण तिथपर्यंतचा रस्ता सोडून नुसत्या भज्यांबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

सातारा हायवेला कापूरहोळला उजवीकडे वळलं की गाडीत बोलणंच बदलतं. भोरच्या अलीकडे नेकलेस पॉइंट लागतो, नदीने घेतलेलं ते वळण बघायला पाच मिनिटं द्याच. भोरमध्ये पेट्रोल भरून घ्या, पुढे घाटात काही मिळत नाही. मग निगुडघर, हिरडोशी, आणि डाव्या-उजव्या हाताला नीरा देवघर धरणाचं पाणी कितीतरी वेळ सोबत करतं. भात पिवळं पडायला लागलेलं, कुठे कुठे कापणी सुरू, बांधावर सोनकीची फुलं, आम्ही एसी बंद करून काचा खाली केल्या त्या पार घाट उतरेपर्यंत वर केल्याच नाहीत.

घाटमाथ्यावर कावळ्या किल्ल्याच्या डोंगरात खिंड फोडून रस्ता काढलाय, ती ओलांडली की समोर एकदम कोकण उघडतं आणि लगेच वाघजाईचं देऊळ. इथेच टपऱ्या आहेत ओळीने. आम्ही ज्या टपरीत बसलो तिच्यावर पाटीच नव्हती, एक मावशी आणि त्यांचा मुलगा चालवतात.

आता भजी. कांदा उभा चिरून त्याला मीठ लावून ठेवलेलं असतं, त्याला जे पाणी सुटतं त्यातच बेसन कालवायचं, वरून पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती खेकडा भजी शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. मावशी ऑर्डर आल्यावरच घाणा टाकतात, आधी तळून ठेवलेलं परत गरम करून देणं हा प्रकार नाही, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं आणि थांबावंच. तेल स्वच्छ होतं, मी कढईत मुद्दाम वाकून बघितलं. सोबत तळलेली मिरची आणि लसणाची सुकी चटणी, ती चटणी इतकी झणझणीत की दुसऱ्या प्लेटसोबत आम्ही परत मागून घेतली. बटाटा भजी मला ठीक वाटली, कांद्यापुढे फिकी. चहा मात्र गवती चहा घातलेला, आलं भरपूर, साखर आमच्या तोंडाला जास्त झाली, तर आधीच "मावशी, साखर कमी" सांगा, त्या वेगळा करून देतात. पैसे शहरातल्या हॉटेलपेक्षा बरेच कमी.

कॅश न्या प्लीज. माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती त्यामुळे स्कॅनर असून उपयोग नाही. माकडं खूप आहेत, प्लेट हातात घेऊन कठड्यावर जाऊ नका आणि त्यांना खायलाही घालू नका, लोक गाडीतून वेफर्स फेकतात म्हणूनच ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली येतात, हे बघून फार वाईट वाटतं. टॉयलेटची सोय मला दिसली नाही, भोरमध्येच उरकून घ्या.

वेळ असेल तर मंदिराच्या वरच्या अंगाला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत ती बघा. पूर्वी घाटवाटेवर पहारा असायचा त्यांच्यासाठी पाणी वर कसं पुरत असेल ते तिथे उभं राहिलं की कळतं. खाली उतरल्यावर शिवथरघळीचा फाटाही आहे, आम्ही मात्र मित्र जेवायचा थांबला होता म्हणून सरळ गेलो.

मित्रासाठी एक प्लेट पार्सल घेतली होती. घाट उतरून बिरवाडीला पोचेपर्यंत ती मऊ पडली, तरी त्याने आणि त्याच्या आईने चटणीसकट संपवली, काकू तर पहिलं तेच विचारत होत्या की चटणीत सुकं खोबरं आहे का. पण चवीसाठी सांगतो, ही भजी तिथेच उभं राहून खायची, पार्सल फक्त चटणीचं न्या, मावशी वेगळी पुडी बांधून देतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बऱ्याचदा बंद ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर निघायच्या आधी भोर किंवा महाडच्या कोणालातरी फोन करून विचारा. आणि सकाळीच निघा, रस्ता अरुंद आहे, वळणं अवघड आहेत, अंधारात चालवायचा हा घाट नाही.