पेटून विझणारा गॅरेज हीटर आणि माथी मारलेला बोर्ड

गॅरेजमधला गॅस हीटर पेटतो, पाच-सात सेकंद जळतो आणि विझतो. परत ठिणगी, परत तेच. दोन-तीन खेपांनंतर हीटर स्वतःच लॉक होतो आणि बोर्डावरचा, म्हणजे हीटर चालवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा, दिवा लुकलुकत राहतो. दुरुस्तीवाला येतो, झाकण उघडतो, आत टॉर्च मारतो आणि सांगतो, “बोर्ड गेलाय. व्हॉल्व्हचंही काही खरं नाही. यात पैसे घालण्यापेक्षा नवा हीटरच घ्या.” थंडीनं कावलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो. इथेच त्याला चुना लागतो.

कारण ज्वाला आली, म्हणजे इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) तापला किंवा ठिणगी पडली, आणि व्हॉल्व्हनं गॅस सोडला. पेटून लगेच विझणाऱ्या हीटरचा इग्नायटर बदलायला सांगणारा माणूस बहुधा अडाणी असतो किंवा लबाड. बिघाड बहुधा एवढाच असतो की ज्वाला आहे हे बोर्डाला कळत नाही, म्हणून तो काही सेकंदांत गॅस तोडतो. हे कळवण्याचं काम फ्लेम सेन्सरचं. तो म्हणजे चिनीमातीच्या बुडातून निघालेली, बर्नरच्या ज्वालेत शिरणारी धातूची बारीक काडी. एका स्क्रूवर बसते, एक वायर असते. काडीतून ज्वालेत वीज वाहिली की बोर्डाला ज्वाला कळते; हा प्रवाह फक्त काही मायक्रोअँपिअर डीसी असतो. साधारण 2 ते 6 चांगला, 1 च्या खाली गेला की बहुतेक हीटर कुरकुरायला लागतात. काडीवर पांढुरका थर बसला की प्रवाह अडतो. गॅरेजमध्ये हा थर लवकर बसतो, कारण तिथे धूळ असते, रंगाची वाफ असते आणि सिलिकॉनचे स्प्रे मारले जातात. सिलिकॉन ज्वालेत जळून काचेसारखा थर देतो, आणि काच वीज वाहून नेत नाही.

आता खरी चलाखी पाहा. दुरुस्तीवाला तुम्हाला पाणी आणायला पाठवतो, तेवढ्यात काडी घासतो, मग नवा बोर्ड बसवतो. हीटर चालतो आणि श्रेय बोर्डाला जातं! म्हणून कोणी हात लावण्याआधी काडीचा जवळून फोटो काढा. काम झाल्यावर परत बघा: आधी मळकट असलेली काडी लख्ख दिसत असेल आणि बिलात फक्त बोर्ड असेल, तर जाब विचारा. जुना सुटा भाग मागून घ्या, त्यावरचा नंबर तुमच्या हीटरच्या मॉडेलशी जुळतो का तेही पाहा. जळका बोर्ड दाखवायला अशा लबाडाच्या गाडीत एक नेहमी तयार असतो.

काडी स्वतः साफ करायची तर आधी वीज आणि गॅस दोन्ही बंद, हीटर थंड. बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं घासा, चिनीमातीला धक्का लागू देऊ नका, तिला तडा गेला तर काडी बदलावीच लागते. जागी बसवताना ती बर्नरला टेकता कामा नये. तरीही विझतो? मग अर्थिंग बघा. गंजलेला बर्नर, सैल अर्थ वायर किंवा उलटी जोडलेली फेज-न्यूट्रल, यांनीही नेमकं हेच होतं.

बोर्ड खरोखर कधी जातो? सेन्सरच्या वायरमध्ये मीटर मालिकेत जोडून प्रवाह चांगला दिसतोय आणि तरीही बोर्ड गॅस तोडतोय, तेव्हा. व्हॉल्व्ह कधी? त्याच्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज आहे (बऱ्याच हीटरमध्ये 24 व्होल्ट एसी), गॅस मागून येतोय आणि तरी पुढे जात नाही, तेव्हा. आकडा मीटरवर दाखवा म्हणा. खरा कारागीर आनंदानं दाखवतो.

कायम पायलट, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्वाला, असलेल्या जुन्या हीटरमध्ये हाच खेळ थर्मोकपलवरून होतो; ज्वालेनं तापून थोडी वीज देणारा हा भाग. नॉब सोडला की पायलट विझतो, आणि व्हॉल्व्ह गळ्यात मारला जातो. थर्मोकपल काढून, त्याचं टोक ज्वालेत धरून मोजलं तर 25 ते 30 मिलिव्होल्ट यायला हवेत. कमी आले तर तोच बदला. भाग स्वस्त असतो. नट बोटांनी घट्ट करून पान्यानं जेमतेम पाव फेरा, जास्त आवळला तर आतला इन्सुलेशनचा वॉशर चेपतो. पायलटची ज्वाला पिवळी, मरतुकडी असेल तर आधी त्याचं बारीक छिद्र साफ करा. ते बुजायला कोळ्याचं जाळंसुद्धा पुरतं.

हीटर दहा-पंधरा मिनिटं नीट चालून विझत असेल तर सेन्सर सोडा आणि धुराडं, पंखा, लिमिट स्विच (फार तापलं की हीटर बंद करणारा) पाहा. इथे सगळ्यात वाईट फसवणूक होते. काही जण प्रेशर स्विच (धूर बाहेर जात नसेल तर हीटर बंद ठेवणारा) किंवा लिमिट स्विच ‘डायरेक्ट’ करून जातात, म्हणजे दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडून टाकतात. हीटर झकास चालतो. पण चिमणीत पाखरानं घरटं केलं असेल तर त्या स्विचनं हीटर बंद ठेवून तुमचा जीव वाचवला असता. आता कार्बन मोनॉक्साइड गॅरेजमध्ये साचतो, त्याला वासही नसतो. दुरुस्तीनंतर झाकण उघडून असा वायरचा तुकडा दिसतो का ते बघाच. दिसला तर हीटर तिथल्या तिथे बंद करा, गॅसचा कॉक फिरवा, आणि बिल हातात असेपर्यंत त्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा.