नवीन पीसीच्या वायरींचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्डाचे रिव्ह्यू पोत्याने मिळतात पण वायरींबद्दल कोणी धड बोलत नाही, आणि रोज दहा-बारा तास पीसी चालू ठेवल्यावर माझं मत तर असं झालंय की पार्ट सहसा दगा देत नाहीत, कटकट असते ती जोडणीत. म्हणून हा रिव्ह्यू फक्त वायरी आणि पिनांचा. सेटअप साधाच आहे: मिड टॉवर कॅबिनेट, ७५० वॅटचा फुल मॉड्युलर (सगळ्या वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस म्हणजे पीसीला पॉवर देणारा डबा, पॉवरची दोन ८ पिन सॉकेटं असलेलं ग्राफिक कार्ड, एक एनव्हीएमई (थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान डिस्क), जुन्या पीसीतली एक साटा (डेटा आणि पॉवरच्या वेगळ्या वायरी लागणारी) हार्डडिस्क आणि १४४० पी १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. ऑफिसचं काम दिवसा, गेम रात्री.

एसएमपीएस मॉड्युलर घेतला ते वसूल झालं. लागतात तेवढ्याच वायरी आत, बाकीच्या पिशवीत, आणि पिशवीवर मी मार्करने एसएमपीएसचं मॉडेल लिहून ठेवलंय. ह्याला कारण आहे. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली पिन कशाची ह्याचं काही स्टँडर्डच नाही, कंपनी बदलली की बदलतं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही बदलतं. म्हणजे मित्राच्या घरची "सेम दिसते रे" वाली साटा पॉवर वायर लावली, ती बसलीसुद्धा, तरी ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्डडिस्कचा निकाल लागू शकतो. जुनी वायर नव्या एसएमपीएसला लावायचीच नाही, विषय संपला.

सीपीयूची ८ पिन आणि ग्राफिक कार्डाची ८ पिन ह्या लांबून जुळ्या वाटतात. पण एकीचे १२ व्होल्ट जिथे तिथे दुसरीचा ग्राउंड. सीपीयूवाली ४+४ अशी फुटते, कार्डवाली ६+२ अशी, आणि खाचांचा आकार वेगळा असल्यामुळे सरळ बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, बसत नाही तेच बरोबर आहे. कार्डाला दोन सॉकेट असतील तर मी म्हणेन दोन वेगळ्या वायरी टाका. एकाच वायरीला शेवटी दोन तोंडं दिलेली असतात, तीही चालते, पण एका ८ पिनचं रेटिंग १५० वॅट, दोन्हीचे मिळून ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला २५ अँपिअर होतात, ते सगळं एकाच वायरीतून कशाला? एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीच ३८ ला असते, तेव्हा गेमनंतर हात लावून बघितलं तर माझ्या दोन्ही वायरी जेमतेम कोमट. ऑफिसमधल्या एकाकडे नवीन १६ पिनवालं कार्ड आहे, ६०० वॅटपर्यंतचं ते छोटं सॉकेट. त्यात वायर पूर्ण आत गेली का हे टॉर्च मारून बघायचं आणि कनेक्टरला लागूनच वाकवायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. २०२३ मध्ये त्या सॉकेटची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात सेन्स पिना (वायर बसली का हे कार्डाला सांगणाऱ्या) आखूड केल्यात, म्हणजे अर्धवट बसलेली असेल तर कार्डाने पॉवर ओढूच नये.

कॅबिनेट घेताना सगळे काच आणि लायटिंग बघतात. मी सांगतो काय बघायचं ते: बोर्डाच्या मागे किती जागा आहे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक आहे का, कारण सीपीयूची वायर खालून मागून फिरून तिथे पोचते. ती ६०-६५ सेंटीमीटर लागतेच. कमी असेल तर मग ती कार्डावरून तिरकी ताणलेली दिसते, दिसायला घाण आणि सॉकेटवर सतत ओढ. त्यानंतर समोरच्या पॅनलच्या त्या बारीक पिना. पॉवर स्विच, रीसेट स्विच कसेही लावा, स्विचला उलटसुलट नसतं, फक्त एलईडीला प्लस-मायनस बघायचं, उलटा लागला तर पेटत नाही एवढंच. खरा वैताग १९ पिनवाल्या यूएसबी ३ चा आहे. वायर काठीसारखी कडक, प्लग उंच, सॉकेटमधल्या पिना नाजूक. साफसफाई करताना ही एक वायर मी काढतच नाही, तिच्या भोवतीनेच ब्रश फिरवतो. आणि समोर टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून खूश होऊ नका, त्याचं वेगळं हेडर (बोर्डावरचं पिनांचं सॉकेट) असतं, स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा नसतं, मग तो पोर्ट शोभेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कॅबिनेटच्या आत नाहीच. अर्थिंग. मी पुण्यात कर्वेनगरला भाड्याने राहतो, बिल्डिंग जुनी. पीसी लावल्यावर पहिल्याच आठवड्यात अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या, हेडफोनमध्ये गुंईऽ असा आवाज. टेस्टर लावला तर पत्र्यावर लाइट. लोक लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. पण एसएमपीएसच्या आत आवाज गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ मिळाला की ती बारीकशी गळती जमिनीत निघून जाते, नाही मिळाला तर बॉडीवर २३० च्या अर्धे व्होल्ट बसून राहतात. करंट अगदी किरकोळ म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण अशा अवस्थेत चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय लावायला गेलात तर ठिणगी पडून पोर्ट उडू शकतो, आणि एसएमपीएसच्या आत खरंच काही बिघडलं तर त्याच पत्र्यावर पूर्ण करंट.

वायरमनने मीटर लावला, फेज ते अर्थ २३० च्या आसपास यायला पाहिजे तर शंभरही दाखवेना. सॉकेटला तीन भोकं होती, मागे तिसरी वायरच नव्हती! घरमालक म्हणाले "एवढी वर्षं फ्रिज चालतोय की". आधी जो एकजण बघून गेला होता तो म्हणत होता "न्यूट्रलवरून एक लूप मारून देतो साहेब, झिणझिण्या बंद". हे कोणालाही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुमचं आख्खं कॅबिनेट लाइव्ह होतं. शेवटी मीटर बॉक्सपासून हिरवी वायर नवीन ओढून घेतली, खर्च अर्धा-अर्धा, आणि तेव्हापासून मुंग्याही नाहीत आणि हेडफोनही गप्प. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, जुन्या बिल्डिंगांत राहणाऱ्यांनी कार्ड घ्यायच्या आधी हे करून घ्या.

मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालतो. माझ्या मॉनिटरबरोबर एचडीएमआय आली होती आणि १६५ चा पर्यायच दिसत नव्हता. पोर्ट एचडीएमआय २.० चा, १८ जीबीपीएसमधले (सेकंदाला जाणारा डेटा) कामाचे १४.४, आणि १४४० पी ला १६५ हर्ट्झचे नुसते पिक्सेलच १४.६ होतात. तिथे कितीही महाग एचडीएमआय आणा, उपयोग शून्य. सर्टिफाइड डिस्प्लेपोर्ट वायर, दोन मीटरची, आणली आणि लगेच १६५ आला. तिला खटका असतो, तो दाबून काढायची, ओढून नाही.

बाकी किरकोळ. साटा डेटा वायर घ्यायची तर लॅचवालीच (खटक्याने अडकणारी), बिनलॅचची हलते आणि मग हार्डडिस्क मधूनच गायब होते. रंगीत विणलेली एक्स्टेन्शन मी घेतली नाहीत, प्रत्येक एक्स्टेन्शन म्हणजे वाटेत अजून एक जोड. आरजीबी (रंगीत लाइटच्या पट्ट्या) लावणार असाल तर ३ पिनवालं ५ व्होल्टचं आणि ४ पिनवालं १२ व्होल्टचं, १२ वर ५ वाली पट्टी लावली की गेली. झिप टायऐवजी वेल्क्रोचा रोल घ्या, तापकीर गल्लीत मिळून जातो, नाहीतर पावसाळ्यानंतर धूळ काढताना दरवेळी कात्री घेऊन बसावं लागतं आणि ती कात्री कधीतरी पंख्याच्या वायरीवर चालते. राहिला यूपीएस. घरात पडलेला जुना ६०० व्हीएचा म्हणजे फार तर ३६० वॅटचा, मॉनिटर आणि राउटरला ठीक आहे, गेम चालू असताना हा पीसी त्याच्यावर टाकला तर लाइट जाताच दोघं एकदम बसतील, म्हणून सध्या तो राउटरलाच लावलाय आणि मोठ्याचे भाव बघतोय.