शुभेच्छुकांच्या रांगेतला माझा फोटो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, तीन कामगार. ज्या कंपनीचं काम करतो तिच्याकडे चार महिन्यांची बिलं अडकली आणि पगार, लाइट बिल, मटेरियल सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हा सिडकोतल्या एका ‘भाऊ’कडून मी टक्क्याने दोन लाख उचलले. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

भाऊ काही परका नव्हता. गणपतीची वर्गणी, पोरांना वह्यावाटप, आरोग्य शिबिर, सगळ्यात पुढे. त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही फोटो होता, पाचशे रुपये मोजून लावलेला. त्यामुळे त्याच्या ऑफिसची पायरी चढताना आपण सावकाराकडे चाललोय असं मनातसुद्धा आलं नाही.

महिन्याला दहा टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज वीस हजार आणि ‘फाइलचे’ पाच हजार आधीच कापून हातात आले एक लाख पंचाहत्तर. व्याज मात्र पुऱ्या दोन लाखांवर. बदल्यात तीन कोरे चेक, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे सही केलेले टीटी फॉर्म आणि एक स्टॅम्पपेपर. ‘फॉर्मॅलिटी आहे मालक, आपल्यात काय,’ म्हणत पोराने चहा पुढे केला. मी खाली सही केली तेव्हा वरचं अख्खं पान पांढरं होतं.

पुढचे अकरा महिने वीस-वीस हजार भरले, म्हणजे दोन लाख वीस हजार. उशीर झाला की दिवसाला पाचशे, ते वेगळे. मुद्दल जागच्या जागी. पैसे रोखच घ्यायचे. पावती मागितली की हसायचे. बायको मात्र दर वेळी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी रक्कम लिहून ठेवायची. मी तिची टिंगल करायचो.

त्याच्या पुढच्या महिन्यात हप्ता चुकला आणि पोरं दारात आली. मारहाण नाही, शिवी नाही. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत समोरच्या कट्ट्यावर दोन बाइक लावून नुसतं बसायचं. आठवड्याभरात शेजारपाजाऱ्यांचं आमच्याकडे येणंजाणं थांबलं. त्या पोरांतला एक सतरा वर्षांचा. सातवीत असताना बायकोकडे गणिताच्या शिकवणीला यायचा. ती दिसली की मान खाली घालायचा, पण उठून जायचा नाही. त्याची आई नंतर भेटली तेव्हा रडत म्हणाली, ‘माले वाटनं, पोऱ्या कामले लागी गया.’

मग एक दिवस चार लाखांच्या चेक बाउन्सची नोटीस आली, आणि त्या पांढऱ्या पानाचं झालं होतं माझ्या रो हाउसचं साठेखत, म्हणजे घर विकायचा करार. विसार म्हणून मला सहा लाख रोख मिळाले म्हणे! खाली माझीच सही, शेजारी नोटरीचा शिक्का.

वकील मॅडमनी पहिलं वाक्य काय सांगितलं असेल, तर नुसत्या नोटरीने घर कुणाच्या नावावर होत नाही. ते आधी माहीत असतं तर दोन महिन्यांची झोप वाचली असती. नोटिशीला त्यांनी पंधरा दिवसांच्या आत उत्तर दिलं. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून बसू नका, मी तेच करणार होतो. 2014 च्या सावकारी कायद्याने परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर वर्षाला तारण असेल तर 15 टक्के आणि नसेल तर 18 टक्केच घेता येतात. मी 120 भरत होतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कोऱ्या कागदावर सही घेणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे.

सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे साध्या कागदावर अर्ज दिला, सोबत कॅलेंडरच्या बारा पानांच्या झेरॉक्स. पोलीस बरोबर घेऊन पथकाने झडती घेतली. गठ्ठ्याने चेक निघाले. त्यात माझा एक होता, आणि आमच्याच गल्लीतल्या चौघांचे. चौघांनाही वाटत होतं की अडकलोय तो मीच एकटा. रोज एकमेकांना ‘काय चाललंय?’ विचारायचो आम्ही.

चौघांतल्या दोघांनी जबाब दिला नाही. त्यांना दोष कसा देऊ, पोरीबाळी आहेत. पण मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, लावायचा तर टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं लागतात. तक्रारच नसेल तर आरोपपत्र येणार कुठून? त्या सतरा वर्षांच्या पोराचं नावही मी जबाबात घेतलं. हात जड झाला होता, पण अल्पवयीनांना असल्या कामाला जुंपणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि ते कलम लागायचं तर त्याचं वय कागदावर यायला हवं होतं. पोरगं आता मामाकडे धुळ्याला आहे.

भाऊ जामिनावर बाहेर आहे. मागच्या आठवड्यात चौकात पुन्हा वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. डिझाइनवाल्याने जुनीच फाइल वापरली असावी. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा मीच आहे.